नाफच्या अलीकडे सहा दिवस

पहिला दिवस : कॉक्स बाजार

ढाक्याहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि उजाडता उजाडता खिडकीबाहेर पिकलेली भातखाचरं, सुपारी आणि केळी दिसायला लागली. २०२५ च्या नोव्हेंबरचं धुकं होतं. अर्धवट झोपेत वाटलं, कोकण रेल्वेतच बसले आहे आणि आता रत्नागिरी येईल. आलं ते कॉक्स बाजार. २०२३ मध्ये सुरू झालेलं, शिंपल्याच्या आकाराचं भलंमोठं स्टेशन. बाहेर सहलीला आलेली कुटुंबं आणि रिक्षावाल्यांचा गलका. इथून तासा-दीड तासावर अकरा लाखांहून जास्त माणसं ताडपत्रीखाली राहतात, असं या गर्दीकडे बघून कोणी म्हणणार नाही.

मला इथे एका प्रश्नाने आणलं होतं. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांनी परत जावं असं बांगलादेश म्हणतो, सगळं जग म्हणतं, म्यानमारने तर कागदावर मान्यही केलं आहे. स्वतः रोहिंग्यांना विचारलं तर तेही परत जायचंय म्हणतात. मग २०१७ पासून आठ वर्षांत ठरवून पाठवलेली एकही तुकडी का गेली नाही? ढाक्यातली माझी मैत्रीण एका मदत संस्थेत काम करते. पुण्यात आम्ही एकत्र शिकलो. ती म्हणाली, "वाचून नाही कळणार. ये."

मी रत्नागिरीची, त्यामुळे ब्रह्मदेश हा शब्द माझ्या कानावर लहानपणीच पडला. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला गादीवरून उतरवून आमच्याकडे आणून ठेवला. तो तीस वर्षं तिथे राहिला, १९१६ मध्ये तिथेच वारला. शाळेच्या सहलीत थिबा राजवाडा बघताना बाई सांगायच्या, बिचाऱ्याला परत जाता आलं नाही. इथे आल्यावर त्या गोष्टीचं दुसरं टोक हाती लागलं. थिबाच्याच घराण्यातल्या बोदोपाया राजाने १७८५ च्या सुमारास आराकान, म्हणजे आजचा म्यानमारमधला राखाइन प्रांत, जिंकलं, तेव्हा तिथले हजारो लोक पळून या किनाऱ्यावर आले. त्यांना वसवायला कंपनी सरकारने हायरम कॉक्स नावाचा कॅप्टन नेमला. तो १७९९ मध्ये इथेच वारला आणि त्याच्या नावाने बाजार भरू लागला. म्हणजे या गावाला नावच मुळी निर्वासितांच्या वसाहतीवरून पडलेलं आहे.

संध्याकाळी समुद्रावर गेले. सुरूची बनं, ओली वाळू, वाळत घातलेल्या मासळीचा वास. इथे बोंबलाला लोइट्टा म्हणतात. जेवताना तोच खाल्ला.

दुसरा दिवस : उखिया, कुतुपालोंग

सकाळी परवानगीचे कागद घेऊन निघालो. सोबत मैत्रीण आणि उखियाचीच एक मुलगी, आमची दुभाषी. चट्टग्रामची, म्हणजे चितगावची, बोली आणि रोहिंग्यांची बोली एकमेकींना इतक्या जवळच्या की तिला फारसे कष्ट पडत नाहीत. आणि नेमकं हेच साम्य म्यानमार त्यांच्याविरुद्ध वापरतं. बोली चट्टग्रामसारखी, धर्म मुसलमान, म्हणजे तुम्ही बंगाली, घुसखोर. आता सीमेच्या दोन्ही अंगांना एकच बोली असणं हे काही जगावेगळं नाही. सावंतवाडी आणि पेडण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

वाटेत दोन ठिकाणी तपासणी झाली. गाडीचा चालक स्थानिक होता. मी काय बघायला आले ते कळल्यावर तो आपणहून बोलू लागला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या आईने आठ दिवस मोठ्या पातेल्यात भात शिजवून रस्त्यावर वाटला होता. आता तीच आई विचारते, हे जाणार कधी? मजुरीचे दर पडले, जळणाचं जंगल गेलं, बाजारात भाव चढले. त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत मूळ वस्ती पाचेक लाखांची, आणि पाहुणे तिच्या दुपटीहून जास्त. ज्याने घासातला घास दिला त्याच्या थकव्यालाही मान द्यायला हवा, असं मला वाटतं.

कुतुपालोंग. टेकड्यांमागून टेकड्या, आणि प्रत्येकीवर बांबू-ताडपत्रीच्या खोल्या एकमेकींना चिकटून. उतारावर वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या. इथून पूर्वी हत्तींची वाट होती, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत हत्तींनी माणसं मारली. सगळ्या वस्तीभोवती काटेरी तारेचं कुंपण आहे. २२ मार्च २०२१ च्या आगीत हेच कुंपण पळणाऱ्यांच्या आड आलं. पक्कं काही बांधायची मुभा नाही, कारण पक्कं बांधलं तर ते राहतील. बाहेर जाऊन काम करायची मुभा नाही. मी गेले तेव्हा, २०२५ मध्ये, माणशी महिन्याला बारा डॉलरच्या आसपास किमतीचं धान्य मिळत होतं. २०२३ मध्ये जगाकडचा पैसा आटला तेव्हा ते आधी दहावर आणि मग आठवर आलं होतं.

इथल्या प्रत्येक वस्तीचा एक मुकादम असतो, त्याला माझी म्हणतात. आमच्या माझीला थोडं हिंदी येत होतं, सिनेमे बघून शिकलेलं. मी थेट विचारलं, "चाचा, परत जायचं का?"

"आजच," तो म्हणाला. "पण कुठे?"

चारच्या सुमारास बाहेरच्यांनी निघायचं असतं. निघालो.

तिसरा दिवस : नानीची पत्र्याची पेटी

आजचा सगळा दिवस एकाच खोलीत गेला.

दुभाषी मला तिच्या ओळखीच्या एका म्हातारीकडे घेऊन गेली. तिला सगळे नानी म्हणतात, मीही तेच म्हणाले. वय चौसष्टच्या आसपास, नजर कमी झालेली, तोंडात पान. खोली दहा बाय बाराची असेल. ताडपत्रीतून पिवळसर उजेड येत होता. मी कशासाठी आले ते ऐकल्यावर ती काही बोलली नाही. उठली, धान्याच्या पिंपामागून पत्र्याची एक पेटी ओढून काढली आणि मांडीवर घेतली. पेटीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी, आणि तिच्यात कागद.

पहिला कागद तिच्या वडिलांच्या ओळखपत्राची प्रत होती. पन्नासच्या दशकात ब्रह्मदेशाने सगळ्या नागरिकांना दिलेलं तीन घड्यांचं कार्ड. मूळ कार्ड पुढे सरकारी माणसांनी तपासायला म्हणून घेतलं, ते परत आलंच नाही. दुसरा, घरातल्या माणसांची सरकारी यादी. दर वर्षी अधिकारी येऊन माणसं मोजायचे. जन्मलेल्याचं नाव घालायचे, मेलेल्याचं खोडायचे. तिसरा, तात्पुरतं पांढरं कार्ड जमा केल्याची पावती. ही कार्डं १९९५ पासून वाटली आणि २०१५ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि रोहिंग्यांना मत देता आलं नाही. कागद जसजसे नवे होत गेले तसतसा त्यांवरचा हक्क कमी होत गेला. माझ्यासमोर चटईवर ते ओळीने मांडलेले होते आणि कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मधल्या काळात आला १९८२ चा नागरिकत्वाचा कायदा. १८२३ च्या आधीपासून, म्हणजे इंग्रज आराकानात येण्याआधीपासून ज्यांची वस्ती, त्या जमाती 'राष्ट्रीय'. सरकारी यादीत त्या १३५ आहेत, आणि रोहिंग्या त्यांत नाहीत. पण १७९९ मध्ये, ज्या वर्षी कॉक्स वारला त्याच वर्षी, फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टरने ब्रह्मदेशातल्या भाषांवर लिहिताना आराकानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मुसलमान स्वतःला 'रुइंगा' म्हणवतात अशी नोंद केली आहे. १७९९ हे १८२३ च्या आधी येतं, एवढं मान्य करायला कोणाचं काय जातं?

नानी तीनदा पळून आली आहे. १९७८ मध्ये ती सतरा वर्षांची होती. लष्कराची नागमिन मोहीम सुरू झाली आणि दोन लाख माणसं सीमेवरची नाफ नदी ओलांडून आली. त्याच वर्षी करार झाला आणि वर्ष-दीड वर्षात जवळजवळ सगळे परत गेले. कसे गेले? शिधा कमी केला गेला. त्या छावण्यांत दहा हजारांवर माणसं दगावली, त्यांत लहान मुलंच जास्त. नानीचा धाकटा भाऊ त्यांतला. "भुकेने पाठवलं," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा १९९१-९२ मध्ये. या वेळी अडीच लाख. पुन्हा करार, पुन्हा पाठवणी. १९९७ पर्यंत सुमारे २ लाख ३० हजार परत गेले. ती नवऱ्याबरोबर आणि तीन मुलांबरोबर गेली. जाताना तांदूळ मिळाला, थोडे पैसे मिळाले. गेल्यावर काय? शेजारच्या गावात जायला परवाना, लग्नाला परवाना, सीमेवरच्या दलासाठी बिगारी. बिगारीसाठी तिने वापरलेला शब्द दुभाषीला पटकन सांगता येईना, पण नानीने खांद्यावर ओझं घेतल्याची खूण केली आणि मला कळलं.

तिसऱ्यांदा २०१७. २५ ऑगस्टला आरसा या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्याचा सूड लष्कराने गावंच्या गावं जाळून घेतला. सात लाखांवर माणसं आली. या वेळचं नानी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आता तिच्याजवळ एक सून आणि दोन नातू आहेत.

आपण एरवी म्हणतो, एकदा परत गेले की प्रश्न मिटला. नानी दोनदा परत गेली आहे. परत जाणं म्हणजे काय असतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणून ती 'नाही' म्हणत नाही, ती अटी घालते. आमचं नाव रोहिंग्या असंच लिहायचं. नागरिक म्हणून कार्ड द्यायचं, नागरिकत्व अजून तपासायचं आहे असं सांगणारं 'पडताळणी'चं नको. आणि आपल्या गावात, आपल्या जमिनीवर.

बोलताना ती सारखी 'वतन' म्हणत होती. तिच्या बोलीत वतन म्हणजे देश. मला मात्र आपलं वतन आठवत राहिलं, ज्यात जमीन येते, मान येतो आणि वंशपरंपरेचा हक्क येतो. तिच्या तोंडी तोच अर्थ जास्त शोभत होता.

पेटीच्या तळाशी जमिनीच्या शेतसाऱ्याची एक जुनी पावती होती. कडा उंदराने कुरतडलेल्या, अक्षर बर्मी. माझ्या वडिलांनी सातबारा याच मायेने ठेवलेला मी बघितला आहे. मी सगळ्या कागदांच्या प्रती काढून आणून देते म्हटलं. नानीने कागद माझ्या हातात दिले, पण नातवाला माझ्यासोबत पाठवलं. योग्यच केलं तिने. असे हातातून गेलेले कागद तिने पाहिले आहेत.

चौथा दिवस : टेकनाफ आणि नाफ नदी

मरीन ड्राइव्हने दक्षिणेकडे. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, वाळूवर चंद्रकोरीसारख्या टोकदार होड्या. टेकनाफच्या बाजूला पानाचे मळे आणि मिठागरं आहेत. रस्ता इतका सुंदर की बोलायला जड जात होतं.

शालबागान छावणीपाशी थांबलो. २२ ऑगस्ट २०१९ रोजी इथे पाच बसगाड्या उभ्या होत्या. म्यानमारने ३,४५० नावं मंजूर केली होती, अधिकारी होते, कॅमेरे होते. कोणीही बसमध्ये चढलं नाही. त्याआधी १५ नोव्हेंबर २०१८ ला हेच झालं होतं. तेव्हा तर यादीत नाव असलेली काही कुटुंबं छावणीतच लपून बसली होती. त्याच्याही आधीच्या करारात आठवड्याला १,५०० या हिशोबाने दोन वर्षांत पाठवणी पुरी करायची असं ठरलं होतं. एक मौलवी तिथे भेटले. पाच बसगाड्यांच्या वेळी ते छावणीतच होते. लोकांनी काय विचारलं असं मी म्हटल्यावर त्यांनी उर्दूत सांगितलं, "फक्त एवढंच, की ही बस थांबणार कुठे?"

बस जिथे थांबणार होती ते ठिकाण लोकांना माहीत होतं. स्वागत केंद्र, मग कुंपणाची संक्रमण छावणी, आणि तिथून गाव कधी ते कोणी सांगत नव्हतं. आराकानमध्येच सित्वेजवळ २०१२ च्या दंगलींनंतर सव्वा लाखाच्या घरात रोहिंग्यांना 'तात्पुरत्या' छावण्यांत ठेवलं, ते अजून बाहेर आलेले नाहीत. जळलेली जमीन कायद्याने सरकारच्या ताब्यात जाते, असं म्यानमारचा एक मंत्री २०१७ मध्येच बोलून गेला होता. पुढे कित्येक गावांवर बुलडोझर फिरला, काही ठिकाणी लष्कर-पोलिसांचे तळ उभे राहिले. मे २०२३ मध्ये वीस रोहिंग्यांना होडीने नदीपलीकडच्या माँगडॉला नेऊन तयारी दाखवली. परत येऊन त्यांनी सांगितलं ते हेच, की आम्हाला छावण्या दाखवल्या.

पुढे शाहपोरीर द्वीपच्या धक्क्यापर्यंत गेले. ओहोटी होती. समोर नाफ, मातकट, संथ. पलीकडे निळसर डोंगर, इतके जवळ की झाडांची रेघ दिसते. ते म्यानमार. धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या एका कोळ्याने सांगितलं, २०२४ मध्ये पलीकडच्या स्फोटांनी त्याच्या घराची भिंत थरथरायची. आता तो नदीच्या मध्यापर्यंतही जात नाही, पलीकडचे धरून नेतात.

पलीकडचे म्हणजे आता आराकान आर्मी. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्यानंतर युद्ध पेटलं, आणि ८ डिसेंबर २०२४ ला राखाइन बौद्धांच्या या सैन्याने माँगडॉ घेतलं. बांगलादेशाला लागून असलेली २७१ किलोमीटरची सगळी सीमा आज त्यांच्या हातात आहे. त्यानंतर चार महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, म्यानमारच्या लष्करी सरकारने बँकॉकच्या बैठकीत सांगितलं की बांगलादेशाने दिलेल्या आठ लाखांच्या यादीतली १ लाख ८० हजार माणसं परतायला पात्र आहेत.

धक्क्यावर उभी राहून मी हे मैत्रिणीला मोठ्याने बोलून दाखवलं. यादी मंजूर करणाऱ्याच्या ताब्यात गावं नाहीत, आणि गावं ज्याच्या ताब्यात आहेत त्याने यादीवर सही केलेली नाही. ती म्हणाली, "आता कळलं ना, ये का म्हटलं ते?"

परतताना कोणी फारसं बोललं नाही.

पाचवा दिवस : नवे आलेले

आराकान आर्मीशी बोलणी केली की झालं, असं काल रात्री मनात येत होतं. सकाळी एका खोलीत अकरा माणसं बघितली. त्यांतली सहा गेल्या वर्षी राखाइनमधल्या बुथिडाँगहून आलेली, मावसभावाच्या आसऱ्याने राहणारी. २०२४ पासून दीड लाखाच्या आसपास नवी माणसं आली आहेत. त्यांच्यासाठी नवी जागा नाही, म्हणून ती अशी नातलगांच्या खोल्यांतच मावतात.

त्या घरातल्या बाईने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. आधी लष्कर आलं आणि तरुण मुलांना सक्तीने भरती करून घेऊन गेलं. ज्यांनी २०१७ मध्ये गावं जाळली त्यांनीच आमच्या पोरांच्या हाती बंदूक देऊन राखाइनांसमोर उभं केलं. मग राखाइनांचं सैन्य आलं. तुमची पोरं आमच्यावर चालून आली म्हणाले. मे महिन्यात गाव जळलं. आराकान आर्मी जाळपोळीचा आरोप नाकारते. ती बाई ज्या रात्रीबद्दल बोलत होती त्या रात्री तिच्या कडेवर चार महिन्यांचं मूल होतं. त्या वर्षी ५ ऑगस्टला नाफच्या काठावर होडीची वाट बघणाऱ्यांवर ड्रोनमधून बॉम्ब पडले. तिचा दीर त्यांत गेला.

आराकान आर्मीसुद्धा 'रोहिंग्या' हा शब्द टाळते. म्हणजे नानीची पहिली अट नव्या धन्यापुढेही तशीच उभी आहे.

आणि इथलं भय वेगळं. छावणीत आरसा आणि इतर सशस्त्र टोळ्यांची दहशत आहे, पोरं पळवून पलीकडे लढायला पाठवल्याच्या कहाण्या आहेत. परत जाण्याविषयी आपल्या लोकांच्या वतीने जगाशी बोलणारे मोहिब उल्ला, जे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही भेटून आले होते, त्यांना २९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री कुतुपालोंगमध्येच गोळ्या घालून मारलं. करार दोन सरकारांचे होतात. ज्यांना जायचंय त्यांच्या बाजूने टेबलाशी बसणारा एक माणूस होता, तोही राहू दिला नाही. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त राग या गोष्टीचा आला आहे.

दुपारी शिकवणीच्या एका खोलीत गेलो. मुलं बर्मी अक्षरं गिरवत होती. अभ्यासक्रम म्यानमारचाच आहे, परत गेल्यावर उपयोगी पडावा म्हणून. शिकवणारा पोरगा वीस-बावीसचा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्याने विचारलं, तुमचं गाव कोणतं? सगळ्यांनी खणखणीत नावं सांगितली. मग मी विचारलं, कोणाला आठवतं? एका मुलीने हात वर केला, मग खाली घेतला.

मार्च २०२५ मध्ये बांगलादेशाच्या हंगामी सरकारचे तेव्हाचे प्रमुख प्रा. युनुस इथे इफ्तारला आले होते, संयुक्त राष्ट्रांचे गुटेरेस सोबत. युनुस मूळचे चट्टग्रामचेच. पुढची ईद तुम्ही आपल्या घरी करावी, असं ते इथल्या बोलीत म्हणाले. त्या तरुण मास्तरने ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

सहावा दिवस : पावतीची मागची बाजू

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी कुतुपालोंग बाजारातून प्रती घेतल्या, त्यांना जाड प्लास्टिक चढवून घेतलं आणि नानीकडे गेले.

तिने एकेक प्रत उजेडाकडे धरून पाहिली. वडिलांचं कार्ड, माणसांची यादी, पांढऱ्या कार्डाची पावती. शेतसाऱ्याच्या पावतीपाशी थांबली. उलटी केली, परत सुलटी केली.

"मागचं कुठे आहे?"

मूळ पावतीच्या मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. दुकानात मी पुढचीच बाजू काढून घेतली होती. ते तिच्या नवऱ्याने लिहून ठेवलेलं होतं, जमिनीच्या चारी बाजू. अक्षर आता वाचता येण्यासारखं नव्हतं. नानीने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. पूर्वेला मशिदीचं तळं. पश्चिमेला ओहोळ, पावसात ओलांडता येत नाही. उत्तरेला दिराचं शेत. दक्षिणेला फणसाची तीन झाडं आणि त्यापलीकडे राखाइन शेजाऱ्याची जमीन. तो भला माणूस होता, बैल द्यायचा.

दुभाषी सांगत गेली, मी वहीत लिहीत गेले. नातू शेजारी येऊन बसला. तो पुटपुटत होता, त्याला ते पाठ होतं.

गाडीला अजून अडीच तास होते. मी मूळ पावती मागून घेतली आणि आम्ही दोघं, नातू आणि मी, पोत्यांच्या पायऱ्या उतरून पुन्हा झेरॉक्सच्या दुकानाकडे निघालो.